टॉम ब्लेक आणि फळीखालचा पर



धनुष्यांतून सुटणाऱ्या बाणाच्या शेपटीला पिसें कां बांधतात, हें तुमच्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. पिसें नसलीं तर बाण हवेंत आडवा होतो आणि नेम कितीहि चांगला धरला असला तरी भलतीकडे जाऊन पडतो. पिसांनीं बाणाचा वेग वाढत नाहीं; उलट तो किंचित् कमीच होतो. परंतु वेगाला दिशा मिळते ती त्या पिसांमुळेंच. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा जो सर्फिंग नांवाचा खेळ आहे, त्यांत हेंच काम फळीच्या तळाशीं, मागच्या टोंकाजवळ बसविलेला एक पर करतो. माशाच्या अंगावरील परासारखा तो दिसतो, म्हणून इंग्रज लोक त्याला फिन म्हणतात. तो पाण्याखालीं असतो. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला फळी दिसते, स्वार दिसतो, फेस दिसतो, पण तो पर दिसत नाहीं. इ. स. १९३५ मध्यें असा पर पहिल्यानें लावण्याचें श्रेय ज्याला दिलें जातें, त्या टॉमस एडवर्ड ब्लेक याचें चरित्र आज तुम्हांस सांगण्याचें योजिलें आहे.

टॉमचा जन्म ८ मार्च १९०२ रोजीं अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांत मिलवॉकी शहरीं झाला. तो वर्षाचाहि झाला नव्हता तोंच त्याची आई क्षयरोगानें वारली. वडिलांनीं त्याला नातलगांच्या स्वाधीन केलें आणि त्यांच्याच आश्रयानें तो लहानाचा मोठा झाला. त्याच्या शाळेचे दिवस सुपीरियर नांवाच्या प्रचंड सरोवराच्या कांठीं वसलेल्या वॉशबर्न या गांवीं गेले. ज्या मुलाचा पुढील सर्व लौकिक उष्ण समुद्राच्या लाटांवर मिळावयाचा होता, त्याचें बालपण समुद्रापासून शेंकडों मैल दूर, हिवाळ्यांत पाणी गोठून जाणाऱ्या प्रदेशांत गेलें, ही ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

इ. स. १९१८ मध्यें इन्फ्लुएन्झाची साथ जगभर पसरली. मुंबई बंदरांतून ती आपल्याहि देशांत शिरली व तिनें लक्षावधि माणसांचे बळी घेतले. तिकडे वॉशबर्नची शाळा त्याच साथीमुळें बंद झाली. टॉम तेव्हां सोळा वर्षांचा होता. शाळा पुन्हां उघडली, पण टॉम परत गेला नाहीं. तो घर सोडून निघाला आणि मिळेल तें काम करीत गांवोगांव फिरूं लागला. शाळा सोडल्यानें माणूस मोठा होतो, असा अर्थ कृपा करून कोणी यांतून काढूं नये. शाळा सुटली ती आपत्तीमुळें, आणि जें शिक्षण तेथें राहून गेलें तें त्याला पुढें वस्तुसंग्रहालयांत, सुताराच्या हत्यारांशीं व पाण्याशीं झगडून, मोठ्या कष्टानें मिळवावें लागलें.

अशा भटकंतींत इ. स. १९२० मध्यें तो डेट्रॉइट शहरीं आला. तेथें एका चित्रपटगृहांत त्याची गांठ एका उंच, सांवळ्या, हंसतमुख पुरुषाशीं पडली. तो पुरुष म्हणजे हवाई बेटांतील सुप्रसिद्ध जलतरणपटु ड्यूक काहानामोकू होय. अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटरच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळवून तो परत चालला होता. अठरा वर्षांच्या टॉमनें धीर करून पुढें होऊन त्याच्याशीं हस्तांदोलन केलें. ड्यूकनेंहि त्या अनोळखी पोराचा हात आपुलकीनें हातांत घेतला. घटना एवढीच. परंतु ज्या मुलाला आईचा हात आठवत नव्हता, त्याला त्या एका हस्तस्पर्शानें जणूं मार्ग दाखविला. पुढें जन्मभर टॉम त्या भेटीचें स्मरण करीत असे. पालकांनीं व आम्हां शिक्षकांनींहि येथें क्षणभर थांबावें. आपण एखाद्या मुलाशीं सहज दोन क्षण चांगलें वागतों व विसरून जातों. त्या मुलाच्या आयुष्यांत त्याचें काय होतें, हें आपणांस कित्येकदां कधींच कळत नाहीं.

दुसऱ्याच वर्षीं टॉम पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियांत, सांता मोनिका येथें येऊन पोंचला. तेथें त्यानें पोहण्याचा कसून अभ्यास केला आणि इ. स. १९२२ मध्यें फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदींत झालेली दहा मैलांची राष्ट्रीय शर्यत जिंकली. बुडणाऱ्यांस वांचविणारा जीवरक्षक म्हणून त्याला किनाऱ्यावर कामहि मिळालें. फळीवर मात्र त्याचा पहिला अनुभव फजितीचा झाला. सांता मोनिका येथें त्यानें फळी घेऊन लाटेवर स्वार होण्याचा यत्न केला, तों तो असा कांहीं आदळला कीं, पुढें दोन-तीन वर्षें त्यानें फळीचें नांव काढलें नाहीं. जो पुढें या विद्येंतील अग्रणी ठरला, तो पहिल्याच दिवशीं नापास झाला होता!

इ. स. १९२४ मध्यें तो प्रथम हवाई बेटांत गेला. होनोलूलू शहरीं बिशप म्युझियम नांवाचें एक मोठें वस्तुसंग्रहालय आहे. हवाईच्या राजघराण्यांतील राजकन्या बर्निस पौआही बिशप हिच्या स्मरणार्थ तिच्या पतीनें इ. स. १८८९ मध्यें तें स्थापन केलें. तेथें त्या राजकन्येचा पिता, सरदार पाकी, याच्या लाटांवर खेळण्याच्या पुरातन फळ्या ठेवलेल्या होत्या. त्या पंधरा फुटांच्या आसपास लांब, अरुंद, जाड आणि दीडशे पौंडांच्या आसपास वजनाच्या होत्या. अशा फळीला त्या लोकांच्या भाषेंत ओलो म्हणत, व ती सरदार-दरकदारांनींच वापरावयाची असे.

या फळ्या संग्रहालयांत कां जाऊन पडल्या होत्या, हेंहि सांगितलें पाहिजे. लाटांवर खेळणें हा हवाईच्या लोकांचा फार जुना राष्ट्रीय खेळ होता. राजे, राण्या व सामान्य जन सर्व तो खेळत. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस बाहेरचीं जहाजें येऊं लागल्यावर त्यांच्याबरोबर नवे रोग आले आणि त्या रोगांनीं बेटांवरील बहुसंख्य लोक मृत्युमुखीं पडले. जुनी समाजव्यवस्था मोडली. इ. स. १८२० पासून तेथें गेलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकीं पुष्कळांना हा खेळ आळसाचा व अमर्याद वाटला, आणि त्यांच्या नापसंतीचाहि परिणाम झाला. आम्ही मिशनच्या शाळेंत शिकणारीं व शिकविणारीं माणसें आहोंत, म्हणून ही गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं वाइकीकीच्या किनाऱ्यावर ड्यूक व त्याच्या सोबत्यांनीं या खेळाला पुन्हां जीव दिला. पण ओलो फळी मात्र जवळजवळ विस्मृत झाली होती. वाइकीकीवर चालत असत त्या सुमारें दहा फुटी, भरीव व सपाट तळाच्या फळ्या.

ब्लेक त्या जुन्या फळ्यांकडे तासन् तास पाहत बसे. ज्यांना इतर लोक केवळ शोभेच्या वस्तु समजत होते, त्यांत त्याला प्रश्न दिसले. एवढी लांब फळी त्या लोकांनीं कां केली असेल? पाण्यावर ती कशी चालत असेल? इ. स. १९२६ मध्यें त्यानें तशी एक फळी स्वतः घडविण्याचें मनावर घेतलें. परंतु तितकें वजन एकट्यानें उचलावें कसें? तेव्हां त्यानें लांकडाला वरपासून खालपर्यंत शेंकडों भोंकें पाडलीं, आंतील ओल वाळण्यासाठीं फळी कित्येक दिवस तशीच ठेवली, आणि मग वर व खालीं पातळ लांकडाचा पापुद्रा बसवून तीं भोंकें बुजविलीं. अशा रीतीनें भरीव फळी पोकळ झाली, वजन पुष्कळ उतरलें, आणि पाण्यावर ती अधिक चांगली तरंगूं लागली. पुढें त्यानें भोंकें पाडण्याचें सोडून, विमानाच्या पंखांत असतो तसा आडव्या फासळ्यांचा सांगाडा करून त्यावर पातळ लांकूड मढविण्याची रीत काढली. या पोकळ फळीचें पेटंट त्याला इ. स. १९३२ मध्यें मिळालें.

या फळीनें त्याला यशहि दिलें व वादहि दिला. इ. स. १९२८ मध्यें कॅलिफोर्नियांत कोरोना डेल मार येथें पॅसिफिक किनाऱ्याचे सर्फिंगचे पहिले सामने झाले. ते ब्लेकनें जिंकले. त्यानंतर होनोलूलूच्या कालव्यांत हातांनीं फळी वल्हविण्याच्या शर्यतींत त्यानें जुने विक्रम मोडले. तेव्हां पुष्कळ लोक रागावले. हा विजय माणसाचा नसून पोकळ पेटीचा आहे, असें ते म्हणूं लागले. त्यांचा राग अगदींच अवाजवी होता असें म्हणवत नाहीं. कारण एकाच शर्यतींत एक जण हलकी व दुसरा जड फळी घेऊन उतरला तर बरोबरी कोठें राहिली? परंतु थोड्याच वर्षांत इतरांनींहि पोकळ फळ्या वापरण्यास प्रारंभ केला आणि वाद आपोआप मिटला. इ. स. १९३२ मध्यें ब्लेकनें दोन सोबत्यांसह कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून कॅटलिना बेटापर्यंत, पंचवीस मैलांहून अधिक समुद्र, केवळ फळीवर पडून हातांनीं वल्हवीत, सहा तासांच्या आंत ओलांडला.

या हलक्या फळीचा खरा उपयोग शर्यतीपेक्षां मोठा होता. इ. स. १९२५ मध्यें कोरोना डेल मार येथेंच एक नौका प्रचंड लाटांत उलटली होती. त्या प्रसंगीं ड्यूक काहानामोकूनें आपली जड फळी घेऊन पुनःपुन्हां समुद्रांत जाऊन आठ माणसांचे प्राण वांचविले होते. फळी हें जीवरक्षणाचें साधन आहे, हें त्या दिवशीं सर्वांस कळलें. ब्लेकच्या पोकळ फळीनें तें साधन सामान्य शक्तीच्या जीवरक्षकाच्याहि हातीं आलें, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक तिचा वापर करूं लागले.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. एक अडचण सुटली कीं तिच्यांतूनच दुसरी जन्मास येते, असा अनुभव आहे. फळी हलकी झाली, वेगवान् झाली, पण ती घसरूं लागली. लाटेवरचा स्वार केवळ सरळ किनाऱ्याकडे जात नाहीं. लाट एका बाजूनें फुटत येते, आणि तिच्या न फुटलेल्या उतारावरून तिरकस धांव घेण्यांत सारें कौशल्य असतें. अशा वेळीं फळीची एक कड उतारांत रुतते, आणि मागचें टोंक मात्र, धरून ठेवणारें कांहींच नसल्यामुळें, ओल्या फरशीवर पाय सरकावा तसें बाजूला सरकतें. मग फळी आडवी होते व स्वार पाण्यांत पडतो. यावर जुना उपाय म्हणजे एक पाय पाण्यांत सोडून त्याचाच सुकाणूसारखा उपयोग करणें. भरीव फळीवर तो कसाबसा चाले. पण लांब, हलकी व सपाट तळाची पोकळ फळी अधिकच घसरणारी, आणि चौदा फुटांची फळी एका पावलानें कितीशी वळणार?

इ. स. १९३५ मध्यें होनोलूलू येथें ब्लेकच्या नजरेस एक टाकून दिलेली वेगवान् मोटारहोडी पडली. तिच्या तळाला धातूचा एक उभा कणा होता. होडी सरळ चालावी म्हणून तो बसविलेला असतो. सुमारें चार इंच खोल व एक फूट लांब असा तो तुकडा त्यानें काढून घेतला आणि आपल्या चौदा फुटी फळीच्या तळाशीं मागच्या बाजूस घट्ट बसविला. मग तो वाइकीकीच्या समुद्रांत उतरला. नुसतें वल्हवीत बाहेर जातांनाच त्याला फरक जाणवला; फळी इकडे-तिकडे मान हलवीत नव्हती. पहिली लाट आली, त्यानें फळी तिरकस घातली, आणि मागचें टोंक जागचें हललें नाहीं. फळी जिकडे वळवावी तिकडे वळत होती व जिकडे धरावी तिकडे राहत होती. टाकाऊ होडीच्या एका तुकड्यानें शेंकडों वर्षांची अडचण दूर केली.

तरी जगानें तो शोध लागलीच स्वीकारला असें समजूं नका. फळीच्या तळाला असा धारदार तुकडा असणें पुष्कळांस धोक्याचें व अनावश्यक वाटलें. सर्वत्र पर दिसूं लागण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. इ. स. १९३७ च्या सुमारास होनोलूलूच्या कांहीं तरुणांनीं तर निराळाच उपाय केला. त्यांनीं कुऱ्हाड घेऊन आपल्या भरीव फळ्यांचें मागचें टोंक अरुंद केलें व तळ नौकेसारखा निमुळता केला. त्यामुळें ते टोंक पाण्यांत रुतून राही व पराविना फळी घसरत नसे. मोठ्या लाटांवर या फळ्यांनीं उत्तम काम दिलें. एकाच प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरें असूं शकतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंचें वेष्टण चढविलेल्या अगदीं हलक्या फळ्या निघाल्या आणि त्यांवर पराची आवश्यकता सर्वांस पटली.

एकदां पर पाहिजे हें ठरल्यावर नवा प्रश्न उभा राहिला: तो केवढा असावा? येथें थोडें शास्त्र पाहूं. फळी बाजूला सरकूं लागली कीं पराची सपाट बाजू पाण्यावर दाबली जाते आणि पाणी तिला उलट रेटतें. पर जितका मोठा तितका हा रेटा अधिक, म्हणजे फळी तितकी स्थिर. पण वळण्यासाठीं फळीचें मागचें टोंक फिरवावें लागतें, आणि त्या वेळीं तोच रेटा स्वाराच्या आड येतो. शिवाय पाण्यांतून जातांना मोठा पर वेगहि थोडा खातो. म्हणजे पर फार लहान असला तर फळी निसटते, व फार मोठा असला तर ती जखडली जाते. योग्य माप या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतें.

लांब फळी, म्हणजे नऊ फुटांची किंवा त्याहून मोठी, वापरणारांत यासाठीं एक सोपा आडाखा रूढ आहे: फळी जितके फूट लांब, तितके इंच पर खोल. नऊ फुटी फळीला नऊ इंचांचा पर, साडेनऊ फुटीला साडेनऊ इंचांचा. हा आडाखा म्हणजे आरंभबिंदु होय. पुढें स्वारानें स्वतः विचार करावयाचा असतो. स्वार वजनानें हलका असेल, लाटा लहान असतील, किंवा वारंवार झटकन् वळण्याची आवड असेल, तर अर्ध्या ते एक इंचानें लहान पर घ्यावा. स्वार वजनदार असेल, लाटा मोठ्या असतील, किंवा फळीच्या पुढच्या टोंकावर चालत जाऊन उभें राहण्याचें कौशल्य साधावयाचें असेल, तर मोठा, रुंद व उभट पर घ्यावा. कारण स्वार पुढें गेला म्हणजे मागचें टोंक पाण्यांत धरून ठेवणारा दुसरा कोणी नसतो. मुख्य पराच्या दोन्ही बाजूंस लहान पर असतील, तर कांहीं भार ते उचलतात, म्हणून मधला पर सात इंचांच्या आसपासचाहि पुरतो. नवशिक्यानें मात्र मधल्या मापापासून आरंभ करावा.

खोलीखेरीज आणखीहि गोष्टी पाहाव्या लागतात. पराचें बूड लांब असलें म्हणजे फळी सरळ जाण्याकडे कल ठेवते. पर मागें झुकलेला असला म्हणजे वळण लांब व सावकाश पडतें. उभा असला म्हणजे जागच्या जागीं वळतां येतें. हल्लींच्या पुष्कळ लांब फळ्यांच्या तळाला एक लांबट खांच असते व तींत पर मागें-पुढें सरकवून स्क्रूनें घट्ट करतां येतो. तो मागें घेतला तर फळी अधिक स्थिर होते, पुढें घेतला तर अधिक सहज वळते. म्हणून जाणते लोक नवा पर विकत घेण्यापूर्वीं आहे तोच बोटभर सरकवून पाहतात, आणि एका वेळीं एकच बदल करतात. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा आला हें कळत नाहीं. प्रयोगशाळेंत आम्ही तुम्हांस हेंच सांगत असतों.

या आडाख्यानें ब्लेकचा पहिला पर मोजला तर मौज दिसते. चौदा फुटी फळीला चौदा इंच खोल पर हवा होता. त्याचा होता अवघा चार इंच! तरी तो चालला. कारण त्याचें बूड एक फूट लांब होतें आणि त्याच्या फळीला अरुंद वळणें घ्यावयाचीच नव्हतीं. नियम ज्या वस्तूंच्या अनुभवावरून बांधले जातात, त्या वस्तूंनाच ते लागू पडतात. दुसऱ्या जातीच्या फळीला तेच माप लावूं नये. ब्लेकचा पर होडीचा होता, माशाचा नव्हता. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो यानें माशाच्या परासारखा निमुळता, मागें झुकलेला व लवचिक पर तयार केला, आणि इ. स. १९८१ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यानें आंखूड फळीवर तीन पर लावून मोठे सामने जिंकले. त्या सर्वांचा आरंभ वाइकीकीच्या त्या धातूच्या तुकड्यांत आहे.

पर लावला त्याच वर्षीं, म्हणजे इ. स. १९३५ मध्यें, ब्लेकचें हवाईयन सर्फबोर्ड हें पुस्तक होनोलूलू येथें प्रसिद्ध झालें. या खेळावरील अगदीं पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. पाणी शिरणार नाहीं अशा पेटींत कॅमेरा बसवून त्यानें फळीवरूनच लाटांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. त्यांपैकीं कांहीं नॅशनल जिऑग्राफिक या मासिकांत त्याच वर्षीं आलीं. ज्याची शाळा सोळाव्या वर्षीं सुटली, त्यानें वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं असें काम करून दाखविलें.

दुसऱ्या महायुद्धांत त्यानें अमेरिकेच्या तटरक्षक दलांत नोकरी केली. पुढचें त्याचें आयुष्य शांत, साधें व एकाकी होतें. तरुणपणीं झालेला विवाह फार दिवस टिकला नव्हता. त्याला मूलबाळ नव्हतें. तो मांसाहार करीत नसे, गरजा थोड्या ठेवी, आणि कधीं नौकेवर तर कधीं मोटारगाडींत राही. वाइकीकीवर गर्दी वाढली तशी त्याला ती जागा परकी वाटूं लागली व इ. स. १९५५ मध्यें त्यानें हवाई सोडलें. उतारवयांत तो आपल्या जन्मप्रांतीं, विस्कॉन्सिनच्या अरण्यांत व सरोवरांकांठीं, परत आला. निसर्ग तोच देव, असा त्याचा विश्वास होता, आणि त्या अर्थाचीं अक्षरें त्यानें तेथें एका खडकावर कोरलीं. हें मत आमच्यांतील पुष्कळांस मान्य होणार नाहीं, मलाहि नाहीं. सृष्टि आणि सृष्टिकर्ता यांत भेद आहे, असें आम्ही मानतों. परंतु ज्यानें जन्मभर पाण्यापुढें नम्रता धरली, त्याच्या श्रद्धेचा उपहास करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ५ मे १९९४ रोजीं, वयाच्या ब्याण्णव्या वर्षीं, विस्कॉन्सिनमधील ॲशलंड येथें त्याचें निधन झालें. जेथें शाळा सुटली होती, त्या वॉशबर्न गांवाच्या मातींतच त्याला विसांवा मिळाला.

या चरित्रापासून काय घ्यावें? ब्लेकनें प्रथम फळीला हलकेपणा दिला आणि मग त्या हलकेपणाला आवर घातला. दुसरें काम केलें नसतें तर पहिलें अपुरें राहिलें असतें. तुम्ही आतां त्याच वयांत आहां, जेव्हां अंगांत वेग पुष्कळ असतो. घरचे व शाळेचे नियम तुम्हांस कधीं कधीं पायांतील बेडीसारखे वाटतात, हें आम्ही जाणतों. तरी बाणाच्या पिसांचें व फळीखालच्या पराचें स्मरण ठेवा. आवर म्हणजे अडथळा नव्हे. तो असल्यामुळेंच लाटेवर तिरकस धांवतां येतें.

आणि पालकांस व माझ्या शिक्षकबंधूंस दुसऱ्या अर्ध्याचें स्मरण देणें अवश्य आहे. पर फार मोठा झाला तर फळी सरळ जाते खरी, पण वळत नाहीं. आणि जिला वळतां येत नाहीं, ती फळी लाट जेथें फुटेल तेथें जाऊन आदळते. हलक्या मुलाला व जड मुलाला एकच माप लावूं नये. नवशिक्याला जें माप योग्य, तेंच तो पारंगत झाल्यावर ठेवूं नये. जें लावलें आहे तें एकदम उपटून टाकण्यापूर्वीं बोटभर पुढें-मागें सरकवून पाहावें. टॉम ब्लेकला असें माप लावून देणारें घरचें कोणी नव्हतें. त्याला मिळाला तो डेट्रॉइटच्या चित्रपटगृहांतील एका थोर पुरुषाचा क्षणभर हातांत आलेला हात. त्या एवढ्याशा पराच्या आधारानें तो पोर एवढा दूर गेला. आपल्या मुलांजवळ तर आपण रोज आहोंत.